दीपचक्रे, रोमनेस्क

मध्ययुगीन यूरोपातील चर्चवास्तूंमध्ये छतापासून साखळीने टांगण्यात येणारी, धातूच्या मोठ्या वर्तुळाकार कड्यावर मेणबत्त्या लावण्याची सोय असलेली भव्य झुंबरे. जर्मन भाषेत त्यांना ‘राडलॉयख्टर’ (चाकाच्या आकाराचा दीप) ही संज्ञा आहे. लॅटिन ग्रंथांत ‘कोरोना’ (मुकुट) व ‘रोटा’ (चाक) असे त्यांचे उल्लेख येतात. अकराव्या-बाराव्या शतकांत, म्हणजे रोमनेस्क कलेच्या बहराच्या काळात, जर्मनी व फ्रान्समधील अनेक कॅथीड्रलांत आणि मठांत अशी दीपचक्रे होती. त्यांपैकी केवळ चार महत्त्वाची दीपचक्रे आज अवशिष्ट असून ती सर्व जर्मनीत आहेत : हिल्डेसहाइम येथील कॅथीड्रलची दोन, श्वेबिश हाल या नगराजवळील कोम्बुर्ग मठाचे एक व आखेन येथील कॅथीड्रलमधील एक. धातुकामाचे उत्कृष्ट नमुने म्हणून त्यांचे महत्त्व आहेच. परंतु तत्कालीन धर्मविचार, राजसत्ता आणि संपत्तीचा विनियोग यांविषयीच्या कल्पना एकाच वस्तूत एकवटलेल्या दिसतात, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य होय.

पूर्वपीठिका : चर्चमध्ये दीप टांगण्याची प्रथा ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाल्यापासूनची आहे. रोममधील लॅटरन बॅसिलिकेला सम्राट कॉन्स्टंटाइनने दिलेल्या देणग्यांच्या ज्या याद्या पोपांच्या चरित्रग्रंथात नोंदविलेल्या आहेत, त्यांत सोन्याचांदीच्या दीपांचा व मुकुटाकार दीपाधारांचा समावेश आहे. कॉन्स्टँटिनोपल येथील हागीया सोफीया या चर्चमधील रात्रीच्या दीपोत्सवाचे तपशीलवार वर्णन पॉलस सिलेंशिएरियस या कवीने सहाव्या शतकात केले आहे. त्या वास्तूतील विशाल घुमटाखाली साखळ्यांवर तोललेल्या धातूच्या तबकड्यांत तेलाचे काचदीप लावीत असत. यांखेरीज वेदीच्या वर मौल्यवान मुकुट टांगून ते ईश्वराला अर्पण करण्याची प्रथाही प्रचलित होती. स्पेनमध्ये ग्वाराझार येथे १८५८ मध्ये सापडलेले व्हिसिगॉथिक राजांचे रत्नजडित मुकुट हे तिचे सुप्रसिद्ध उदाहरण होय. टांगलेला दीप व टांगलेला मुकुट या दोन परंपरांचा संगम रोमनेस्क दीपचक्रात झालेला दिसतो. त्याला ‘कोरोना’ हे नाव पडले, ते याच कारणाने.

रचना व तंत्र : दीपचक्राचा मुख्य भाग म्हणजे लोखंडी सांगाड्यावर बसविलेले, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांचे रुंद कडे. या कड्याच्या वरच्या काठावर मेणबत्त्यांसाठी अणकुचीदार खिळे व मेण साठण्यासाठी छोट्या वाट्या असतात. कड्यावर ठराविक अंतरावर लहान बुरूज आणि काही दीपचक्रांत वेशींच्या आकाराच्या कोनाड्या बसविलेल्या असतात. त्यामुळे संपूर्ण कडे एखाद्या नगराच्या तटबंदीसारखे दिसते. कड्यापासून निघालेल्या सळया वर एकत्र येऊन एका मोठ्या साखळीला मिळतात आणि ती साखळी छतातून ओवून घेतलेली असते.

पत्र्यावरील अलंकरणासाठी अनेक प्रक्रिया वापरीत. वेलबुट्ट्यांच्या जागी पत्रा कापून जाळीकाम केले जाई. पाऱ्यात सोने मिसळून तो लेप तांब्यावर चढवीत व उष्णता देऊन पारा उडवून लावीत. मागे सोन्याचा पातळ थर राही. शिलालेखासारख्या अक्षरपट्ट्यांसाठी तपकिरी रोगणाची पद्धत अनुसरीत. तांब्यावर जवसाच्या तेलाचा हात देऊन ते तापविले, की पृष्ठभाग गडद तपकिरी होतो. त्यावरील हव्या त्या जागा खरवडून तेथे मुलामा दिला, की गडद पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरे उठून दिसतात. या सर्व प्रक्रियांचे वर्णन थीओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या जर्मन भिक्षूच्या कलाविषयक ग्रंथात (बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) आढळते. त्याच ग्रंथात धूपपात्र कसे घडवावे हे सांगताना त्याला वेशी व बुरूज असलेल्या स्वर्गीय नगराचे रूप द्यावे, असे मार्गदर्शन केले आहे. यावरून नगराकृती ही केवळ दीपचक्रांपुरती मर्यादित नसून तत्कालीन धातुकारांच्या परिचयाची एक रूढ कल्पना होती, हे स्पष्ट होते.

प्रतीकार्थ : नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात (अध्याय २१) योहानाला स्वर्गातून उतरणाऱ्या नव्या जेरूसलेमचे दर्शन घडते. या नगराला बारा वेशी असून त्यांवर इझ्राएलच्या बारा वंशांची नावे व बारा देवदूत आहेत. तटाच्या बारा पायांवर बारा प्रेषितांची नावे आहेत. नगर शुद्ध सोन्याचे व रत्नांनी मढविलेले आहे. त्याला सूर्याची किंवा चंद्राची गरज नाही, कारण ईश्वराचे तेज व कोकरा हाच त्याचा दीप आहे. तेथे रात्र नसते आणि वेशी कधी बंद होत नाहीत. दीपचक्रावरील बुरूज, वेशी, सोनेरी तट, प्रेषितांची व संदेष्ट्यांची नावे आणि वर तेवणाऱ्या ज्योती या सर्वांचा उगम या वर्णनात आहे. छतापासून अधांतरी लोंबणारे कडे हे तर स्वर्गातून उतरणाऱ्या नगराचे अक्षरशः दृश्यरूपच होय.

मात्र या अनुकरणात एक लक्षणीय भेद आहे. योहानाने पाहिलेले नगर चौरस आहे, तर दीपचक्र वर्तुळाकार. कारागिरांनी किंवा त्यांच्या धर्मगुरूंनी मूळ वचनाचे अज्ञान दाखविले, असा याचा अर्थ लावता येत नाही. कारण काही दीपचक्रांवरील लॅटिन लेखांत त्या वचनाचा उघड उल्लेख आहे. मुकुटाची जुनी परंपरा, वर्तुळ हे पूर्णत्वाचे व अनंताचे चिन्ह असल्याची समजूत आणि टांगलेल्या वस्तूचा तोल सर्व बाजूंनी सारखा राहण्याची व्यावहारिक गरज, या तिन्ही गोष्टींचा परिणाम येथे संभवतो. बाराव्या शतकातील अनेक नकाशांत पृथ्वीवरील जेरूसलेमही वर्तुळाकार दाखविलेले आढळते. वचनातील आकारापेक्षा वचनातील संख्या त्या काळी अधिक महत्त्वाच्या मानल्या जात आणि त्या मात्र काटेकोरपणे जपलेल्या दिसतात.

दीपचक्राचा अर्थ तत्कालीन लेखकांनीच सांगून ठेवला आहे. बाराव्या शतकाच्या आरंभीचा धर्मपंडित होनोरियस याने उपासनाविधींवरील आपल्या गेमा आनिमे या ग्रंथात चर्चमध्ये असा मुकुट टांगण्याची तीन कारणे दिली आहेत : त्याच्या प्रकाशाने चर्च सुशोभित होते, ईश्वराची निष्ठेने सेवा करणाऱ्यांना जीवनाचा मुकुट लाभतो, याची तो पाहणाऱ्यास जाणीव करून देतो, आणि त्याची घडण स्वर्गीय जेरूसलेमसारखी असल्याने त्या नगराचे स्मरण राहते. सोने, चांदी, तांबे, लोखंड व रत्ने या प्रत्येक घटकाला त्याने सांकेतिक अर्थ दिला असून साखळी ही मनाला वर नेणाऱ्या चिंतनाचे प्रतीक मानली आहे.

हिल्डेसहाइमची दीपचक्रे : बिशप बेर्नवार्टच्या कारकीर्दीत (९९३–१०२२) हिल्डेसहाइम हे ब्राँझकामाचे प्रमुख केंद्र बनले. तेथील कॅथीड्रलची ब्राँझची द्वारे (१०१५) प्रसिद्ध आहेत. १०४६ मधील आगीत हे कॅथीड्रल जळाले. बिशप हेत्सिलो (कार. १०५४–७९) याने ते पुन्हा उभारून १०६१ मध्ये त्याचे प्रतिष्ठापन केले. मध्यदालनातील मोठे दीपचक्र त्याच्या नावाने ओळखले जाते. सु. ६ मी. व्यासाचे हे दीपचक्र अवशिष्ट चारांमध्ये सर्वांत मोठे आहे. त्यावर बारा वेशी, बारा बुरूज आणि ७२ मेणबत्त्यांची सोय आहे. ख्रिस्ताने धाडलेल्या शिष्यांची संख्या लूकच्या शुभवर्तमानाच्या लॅटिन पाठात ७२ अशी आहे. वेशी व बुरूज यांवर प्रेषितांची आणि जुन्या करारातील व्यक्तींची नावे कोरलेली आहेत. बुरुजांत एकेकाळी लहान मूर्ती असाव्यात; आज त्या नाहीत.

दुसरे दीपचक्र आकाराने पुष्कळ लहान आहे. ते बिशप आत्सेलिन (कार. १०४४–५४) याच्या नावाने ओळखले जात असे; परंतु अलीकडे ते त्याचा पूर्वाधिकारी थीटमार (कार. १०३८–४४) याच्याशी निगडित मानले जाते. त्याचीही घडण वेशी व बुरूज असलेल्या नगराचीच आहे. म्हणजे हेत्सिलोच्या कारागिरांपुढे एक नमुना आधीपासून होता आणि त्यांनी तो अधिक मोठ्या प्रमाणावर साकारला.

ज्या काळात या शांतिनगरीची प्रतिकृती घडली, तो काळ शांततेचा नव्हता. १०६३ मध्ये पेंटेकॉस्टच्या सणाला गोस्लार येथे, बाल राजा चौथा हेन्री याच्या उपस्थितीत, आसनांच्या क्रमावरून हेत्सिलो व फुल्डाचा मठाधिपती यांच्यात वाद विकोपाला गेला आणि दोघांच्या सशस्त्र अनुयायांत प्रत्यक्ष चर्चमध्ये रक्तपात झाला. बिशप हा त्या काळी धर्मगुरू तसाच सरंजामदारही होता. दीपचक्रासारखी देणगी ही त्याच्या श्रद्धेची निदर्शक होती, तशीच त्याच्या प्रतिष्ठेचीही. या दोन हेतूंची फारकत करणे आधुनिक वाचकाला सोपे वाटते. अकराव्या शतकातील माणसाला ती जाणवत असेलच असे नाही.

कोम्बुर्गचे दीपचक्र : कोम्बुर्ग येथील बेनेडिक्टाइन मठाची स्थापना सु. १०७८ मध्ये झाली. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मठाधिपती हेर्टविग याच्या कारकीर्दीत येथील दीपचक्र तयार झाले. त्याचा व्यास सु. ५ मी. आहे. कड्यावर बारा बुरूज असून त्यांच्या मधल्या जागी वर्तुळाकार पदके आहेत. जाळीकामातील वेलबुट्टीत गुंतलेल्या लहान आकृती आणि कड्याभोवती फिरणारा लॅटिन पद्यलेख यांमुळे अलंकरणाच्या दृष्टीने ते विशेष समृद्ध मानले जाते. वेदीच्या पुढील भागी बसविलेला, मुलामा दिलेल्या तांब्याचा एक अलंकृत फलकही याच मठाधिपतीच्या काळचा असून तो तेथेच आहे. चर्चची मूळ रोमनेस्क इमारत मनोऱ्यांचा अपवाद वगळता अठराव्या शतकाच्या आरंभी पाडण्यात आली व तिच्या जागी बरोक शैलीतील प्रशस्त चर्च उभे राहिले. त्यामुळे बाराव्या शतकातील दीपचक्र आज बरोक दालनात लोंबताना दिसते.

आखेनचे दीपचक्र : शार्लमेनने उभारलेल्या आखेन येथील अष्टकोनी राजप्रार्थनागृहात सम्राट फ्रीड्रिख बार्बारोसा व त्याची राणी बेआट्रिक्स यांनी हे दीपचक्र अर्पण केले. त्याचा काळ साधारणतः ११६५ ते ११७० असा मानतात. त्याचा व्यास ४ मी.हून थोडा अधिक आहे. इतर तिन्ही दीपचक्रे पूर्ण वर्तुळाकार असली, तरी हे मात्र बाहेरच्या बाजूस फुगीर अशा आठ कमानदार खंडांचे बनले आहे. त्यावर आठ मोठे व आठ लहान असे सोळा बुरूज असून ४८ मेणबत्त्यांची सोय आहे. कड्यावरील पद्यलेखात योहानाच्या दर्शनाचा उल्लेख येतो. तसेच देणगीचा आकार या मंदिराच्या अष्टकोनी घडणीस अनुसरून ठरविला आहे, असे सांगून ती कुमारी मरियेला अर्पण केली आहे. आठ ही संख्या ख्रिस्ती परंपरेत पुनरुत्थानाशी निगडित आहे. याप्रमाणे एकाच आकृतीत स्वर्गीय नगर, शार्लमेनची वास्तू व सम्राटाचा मुकुट यांची सांगड घातलेली आहे.

या देणगीला राजकीय संदर्भ होता. आखेन हे जर्मन राजांच्या राज्याभिषेकाचे स्थान; ९३६ ते १५३१ या काळात बहुतेक राजांचे अभिषेक तेथेच झाले. पोप तिसरा अलेक्झांडर याच्याशी संघर्ष चालू असता बार्बारोसाने प्रतिपोप तिसरा पास्कल याचा पक्ष घेतला होता. त्याच्याच संमतीने २९ डिसेंबर ११६५ रोजी कोलोनचा आर्चबिशप राइनाल्ट फोन डास्सेल याने शार्लमेनला संतपद दिल्याचा विधी आखेन येथे पार पाडला. सम्राटपद हे पोपच्या कृपेवर अवलंबून नसून शार्लमेनपासून परंपरेने आलेले पवित्र अधिकारपद आहे, हे बार्बारोसाला ठसवावयाचे होते. शार्लमेनच्या वास्तूत मधोमध लोंबणारा दीपमुकुट हा या भूमिकेचाच एक भाग होता.

कलेच्या इतिहासात या दीपचक्राच्या बुरुजांचे तळपत्रे स्वतंत्र महत्त्वाचे ठरले आहेत. त्यांवर ख्रिस्ताच्या जीवनातील आठ प्रसंग आणि डोंगरावरील प्रवचनातील आठ धन्यवचने रेषांनी कोरलेली आहेत. खाली उभे राहून वर पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडावीत, अशी त्यांची योजना आहे. एकोणिसाव्या शतकात या ताम्रपत्रांवर शाई लावून कागदावर त्यांचे ठसे घेण्यात आले. यूरोपात ताम्रमुद्रांची कला पंधराव्या शतकात उदयास आली. परंतु तिला आवश्यक असलेले उत्कीर्णनाचे कौशल्य सोनारांच्या व ताम्रकारांच्या हाती त्याआधी तीन शतके होते, याची साक्ष हे ठसे देतात. मध्ययुगीन कारागीर बहुधा अनामिक राहिले; आखेनच्या मृतांच्या स्मरणनोंदवहीत मात्र विबर्ट नावाच्या व्यक्तीचा उल्लेख असून दीपचक्राच्या निर्मितीशी त्याचा संबंध जोडलेला आहे.

वापर व खर्च : दीपचक्रातील सर्व मेणबत्त्या रोज पेटवीत नसत, तो मान मोठ्या सणांना व विशेष समारंभांना असे. चर्चमधील विधींसाठी मधमाश्यांच्या मेणाच्या बत्त्या वापरण्याचा दंडक होता आणि असे मेण चरबीच्या तुलनेत फार महाग पडे. जर्मन प्रदेशांत चर्चला दरवर्षी ठराविक मेण किंवा त्याचे मूल्य देण्यास बांधलेल्या लोकांचा एक वर्गच होता. सोनेरी नगराच्या तटावर तेवणाऱ्या ज्योतींमागे अशा सामान्य कुटुंबांचे वार्षिक देणे होते, ही गोष्ट दीपचक्रांच्या इतिहासात दुर्लक्षून चालत नाही. आजच्या मानाने ४८ किंवा ७२ ज्योतींचा प्रकाश अल्पच. पण लहान खिडक्यांच्या, जाड भिंतींच्या रोमनेस्क वास्तूतील अंधारात, मुलाम्यावरून परावर्तित होणारा तो प्रकाश पाहणाऱ्याला विलक्षण वाटत असला पाहिजे.

या वैभवाला समकालीनांचा विरोधही झाला. सिस्टर्शियन संप्रदायाचा अग्रणी संत बर्नार्ड ऑफ क्लेअरव्हो याने सु. ११२५ मध्ये लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध पत्ररूप प्रबंधात मठांतील डामडौलावर टीका करताना रत्नजडित दीपचक्रांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. हे मुकुट नसून गाड्यांची चाके आहेत, असा उपहास करून चर्चच्या भिंती झळाळत असता तेथील गरीब मात्र वंचित राहतात, हा त्याचा आक्षेप होता. बिशपांच्या कॅथीड्रलांत सामान्य जनांची भक्ती जागविण्यासाठी बाह्य अलंकरण एक वेळ क्षम्य आहे. पण संसार सोडलेल्या भिक्षूंना त्याचे काय प्रयोजन, असे तो विचारतो. होनोरियस व बर्नार्ड हे जवळजवळ एकाच काळातील. एकाला ज्यात स्वर्गाचे स्मरण दिसले, त्यातच दुसऱ्याला गरिबांच्या हक्काचे धन दिसले. कोम्बुर्गचे दीपचक्र या वादाच्या सुमारासच घडले आणि तेही भिक्षूंच्या मठात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ऱ्हास व जतन : गॉथिक काळात चर्चच्या खिडक्या मोठ्या झाल्या, रंगीत काचांतून येणारा प्रकाश हाच स्वर्गीय नगराचे रूपक बनला आणि दीपचक्रांची प्रथा मागे पडली. पुढे वक्र भुजांची पितळी झुंबरे रूढ झाली. जुनी दीपचक्रे युद्धे, धर्मकलह व क्रांती यांत नष्ट झाली. नॉर्मंडीतील बायू येथील कॅथीड्रलचे दीपचक्र १५६२ मधील धर्मयुद्धात, तर रॅंस येथील सेंट रेमी मठाचे ९६ मेणबत्त्यांचे दीपचक्र फ्रेंच राज्यक्रांतीत नाहीसे झाले. जर्मनीतही १८०२-०३ मध्ये धर्मसंस्थांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या, तेव्हा कोम्बुर्गच्या खजिन्यातील मौल्यवान वस्तू वितळविण्यासाठी नेण्यात आल्या. दीपचक्र मात्र जागेवर राहिले. अवशिष्ट दीपचक्रांचे मुख्य द्रव्य लोखंड व तांबे हे आहे. त्यांवरील चांदीचे भाग बहुतांशी गेले आणि कडी तेवढी उरली, यावरून वितळवून फारसे मोल मिळणार नाही, हीच गोष्ट त्यांच्या जतनाला काही अंशी कारणीभूत झाली असावी.

एकोणिसाव्या शतकात मध्ययुगीन कलेविषयीची आस्था पुन्हा जागृत झाली. दीपचक्रांची पाहणी व दुरुस्ती झाली. नव-रोमनेस्क शैलीत बांधलेल्या चर्चमध्ये त्यांच्या धर्तीवर नवी दीपचक्रे बसविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात २२ मार्च १९४५ रोजी झालेल्या हवाई हल्ल्यात हिल्डेसहाइमचे कॅथीड्रल उद्ध्वस्त झाले; तथापि तेथील प्रमुख कलावस्तू आधीच सुरक्षित स्थळी हलविल्या असल्यामुळे बचावल्या. कॅथीड्रलची पुनर्बांधणी १९५० ते १९६० या काळात झाली. पुढे २०१० ते २०१४ या काळात त्याचे व्यापक नूतनीकरण होऊन हेत्सिलोचे दीपचक्र मध्यदालनात लोंबत आहे. आखेनचे कॅथीड्रल १९७८ मध्ये आणि हिल्डेसहाइमचे कॅथीड्रल तेथील सेंट मायकेल चर्चसह १९८५ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. संग्रहालयात न जाता, ज्या प्रयोजनासाठी ती घडली त्या प्रयोजनाच्या जागीच दीपचक्रे आजही पाहावयास मिळतात. आठ-नऊ शतकांपूर्वीच्या धातुशिल्पांच्या बाबतीत असे भाग्य क्वचितच लाभते.